शून्याचा वाटा

कॅसिनोचे दार प्रथमच ओलांडणाऱ्या पाहुण्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : येथे जिंकावे कसे? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु दारापाशी विचारण्याचा पहिला प्रश्न तो नव्हे. पहिला प्रश्न असा की, हे घर चालते कशावर? झुंबरे, गालिचे, गाणेबजावणे, गणवेशातील नोकरवर्ग आणि रात्रभर जळणारे दिवे यांचा खर्च कोणी तरी देत असतोच. तो कोण देतो आणि कोणत्या हिशेबाने देतो, हे ज्याला उमगले त्याला या विषयातील निम्मा उपदेश न सांगताच मिळाला असे समजावे. हा हिशेब कोणी तळघरात दडवून ठेवलेला नाही. तो चक्रावर, टेबलावर आणि फलकावर उघडा मांडलेला असतो. आणि तो तेथे कसा येऊन बसला याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

द्यूताचा नाद मनुष्याला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. बेहड्याच्या फळांचे फासे त्याला ओढून नेतात. पत्नी दुरावते, सासू तिरस्कार करते, कोणी कर्ज देईनासे होते, आणि अखेरीस फासे टाकून देऊन शेतीकडे वळण्याचा उपदेश त्याला ऐकावा लागतो. महाभारतातील सभापर्वात युधिष्ठिराने राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी यांना पणाला लावल्याची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्याच महाभारताच्या वनपर्वातील नळाच्या आख्यानात एक वेगळाच धागा सापडतो. विदर्भकन्या दमयंतीचा पती नळ द्यूतात सर्वस्व गमावून, बाहुक हे नाव धारण करून, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्यावरील पाने व फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजून पाहतो, तो संख्या बरोबर भरते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात तो राजाकडून अक्षविद्या शिकून घेतो. फासे जाणणे आणि मोजणे जाणणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे त्या प्राचीन कथाकाराला कळले होते, असेच म्हणावे लागते.

राज्यकर्त्यांनाही एक मोजमाप फार पूर्वी कळले होते. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. द्यूत एकाच ठरलेल्या जागी खेळवावे, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, फासे सरकारातून पुरवावेत, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत, अशी तेथे व्यवस्था आहे. खेळात हरणारा कोण आणि जिंकणारा कोण हे बदलत राहील. शेकडा पाच मात्र प्रत्येक डावातून ठरलेले. आपल्याकडील जुन्या जुगारअड्ड्यांतही मालक बैठकीतून जो हक्काचा भाग काढून घेई त्याला ‘नाल’ म्हणत. जागा ज्याची त्याची नाल, हा या धंद्याचा पाया होय. आजचा कॅसिनो याच पायावर उभा आहे. फरक इतकाच की, त्याची नाल मागून घेतलेली दिसत नाही. ती खेळाच्या रचनेतच मिसळलेली असते.

ही रचना युरोपात घडली. ‘कॅसिनो’ हा शब्द इटालियन असून त्याचा मूळ अर्थ ‘लहानसे घर’ असा आहे. इ. स. १६३८ मध्ये व्हेनिसच्या गणराज्याने आनंदोत्सवाच्या मोसमात खेळण्यासाठी ‘रिदोत्तो’ नावाचे सरकारमान्य द्यूतगृह उघडले. चोरूनमारून चालणारे अड्डे बंद होत नाहीत, तर निदान एकाच छताखाली आणावेत, हा विचार कौटिल्याच्या विचाराहून फारसा निराळा नव्हता. खेळणारे मुखवटे घालून येत. बँक, म्हणजे घराच्या वतीने पैसे घेण्यादेण्याची बाजू, सांभाळण्याचे काम मात्र गरिबीस आलेल्या सरदारांकडे असे. पाहुण्याचा चेहरा झाकलेला आणि बँक धरणाऱ्याचा उघडा, या दृश्यात पुष्कळ अर्थ भरला आहे. १७७४ मध्ये गणराज्याने रिदोत्तो बंद केले. तोवर पुष्कळ जुन्या घराण्यांच्या संपत्तीला तेथे गळती लागून गेली होती.

व्हेनिसमध्ये मुखवटे रंगत असतानाच फ्रान्समध्ये द्यूताने एका नव्या शास्त्राला जन्म दिला. शव्हालिए द मेरे नावाच्या एका शौकीन गृहस्थाने पास्कल या गणितज्ञापुढे फाशांचे काही प्रश्न ठेवले. अर्धवट थांबलेल्या खेळातील पैसे दोघा खेळाडूंत कोणत्या न्यायाने वाटावेत, हा त्यांपैकी एक. १६५४ मध्ये पास्कल आणि फेर्मा यांनी या प्रश्नांवर परस्परांना पत्रे लिहिली आणि संभाव्यतेच्या गणिताची कोनशिला बसली. एक फासा चार वेळा टाकला असता निदान एकदा सहा पडण्याची शक्यता शेकडा ५१.८ आहे, दोन फासे चोवीस वेळा टाकले असता निदान एकदा जोडीने सहा पडण्याची शक्यता शेकडा ४९.१ आहे. दोन्ही पैजा वरवर सारख्याच भासतात. परंतु एक दीर्घकाळ खेळणाऱ्याला तारते, तर दुसरी बुडवते. १७१३ मध्ये याकोब बर्नुली याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला आणि त्यात या शास्त्राचा एक महत्त्वाचा सिद्धान्त जगापुढे आला : प्रयोग जितके अधिक, तितका सरासरीचा आकडा आपल्या मूळ प्रमाणाच्या निकट येतो. पाहुणा एक रात्र खेळतो. घर वर्षाच्या साऱ्या रात्री खेळते. म्हणून पाहुण्याच्या बाबतीत जे दैव ठरते तेच घराच्या बाबतीत उत्पन्न ठरते.

रुलेट या खेळात हा सिद्धान्त डोळ्यांनी पाहता येतो. या चक्रावर १ ते ३६ आकड्यांची घरे असतात. निम्मी तांबडी, निम्मी काळी. त्यांखेरीज एक हिरवे घर असते. ते शून्याचे. एखाद्याने तांबड्यावर शंभर रुपये याप्रमाणे सदतीस डाव लावले, आणि प्रत्येक घर एकेकदा आले असे मानले, तर त्याने लावलेल्या ३७०० रुपयांपैकी ३६०० परत येतात. उरलेले शंभर शून्याने घेतले. म्हणजे शेकडा २.७ ही घराची नाल झाली. एकाच आकड्यावर पैसे लावले तरी निकाल तोच. कारण घरे सदतीस असूनही जिंकणाऱ्यास पस्तीस पटच मिळतात. चक्रावर दोन शून्ये असली तर घरे अडतीस होतात आणि ही नाल शेकडा ५.२६ होते. येथे लबाडीची गरज नाही. प्रामाणिकपणे फिरणारे चक्रच मालकाचा सर्वांत विश्वासू नोकर असते.

पॅरिसमधील द्यूतगृहे १८३७ च्या अखेरीस कायद्याने बंद झाली. तेथील व्यवसाय सीमेपलीकडील जर्मन संस्थानांत सरकला. होम्बुर्ग येथे फ्रान्स्वा आणि लुई ब्लां या बंधूंनी १८४३ मध्ये एकाच शून्याचे चक्र मांडले. आपली नाल अर्ध्यावर आणणारा हा व्यापारी वेडा वाटेल. परंतु तो मोठा दूरदर्शी होता. दर उतरला तसे गिऱ्हाईक वाढले, ते अधिक वेळ बसू लागले, आणि थोडक्या टक्क्यांवर प्रचंड उलाढाल होऊन होम्बुर्गची भरभराट झाली. नवख्या पाहुण्याने यातून एक धडा घ्यावा. ही नाल त्याने खिशात घालून आणलेल्या पैशावर बसत नाही. त्याने एकंदर लावलेल्या पैशावर बसते. पाच हजार रुपये घेऊन आलेला मनुष्य दर डावाला पाचशे रुपये लावून तासाला चाळीस डाव खेळला, तर जिंकलेले पैसे पुन्हा लावीत लावीत पाच तासांत त्याची उलाढाल एक लाखाची होते. एका शून्याच्या चक्रावर तिची सरासरी नाल २७०० रुपये आणि दोन शून्यांच्या चक्रावर सुमारे ५२६० रुपये. दुसऱ्या चक्रावर त्याने आणलेली सारी रक्कमच घराच्या हिशेबात जमा झाली! प्रत्यक्षात कोणी अधिक हरेल, कोणी जिंकूनही उठेल. परंतु घराला एकेका पाहुण्याशी कर्तव्य नसते, त्याला साऱ्यांच्या बेरजेशी कर्तव्य असते.

फ्रान्स्वा ब्लांचे सर्वांत मोठे यश मोनाकोचे. मांतों आणि रोकब्रून ही गावे १८६१ मध्ये फ्रान्सकडे गेल्यामुळे त्या चिमुकल्या संस्थानाचे उत्पन्न आटले होते. १८६३ मध्ये ब्लांने तेथील कॅसिनोचा मक्ता घेतला. १८६६ मध्ये त्या टेकाडाला राजा तिसरा चार्ल्स याच्या नावावरून माँटे कार्लो हे नाव पडले. १८६८ मध्ये रेल्वे आली. आणि १८६९ मध्ये राजाने आपल्या प्रजेला प्रत्यक्ष करांतून मुक्त केले. परक्यांच्या हरण्यावर एका राज्याचा खजिना चालू लागला. मात्र मोनाकोच्या स्वतःच्या नागरिकांना त्या टेबलांवर खेळण्यास मनाई होती. ज्यांच्या अंगणात हे घर उभे, त्यांनाच त्याचे दार बंद, ही गोष्ट कोणत्याही उपदेशाहून बोलकी आहे. घराचा हिशेब ज्यांना पुरता कळतो ते आपल्या माणसांना आत सोडत नाहीत.

मग ‘बँक फोडणारे’ वीर कोठून आले? १८९१ मध्ये चार्ल्स वेल्स नावाच्या इंग्रजाने माँटे कार्लोची बँक अनेकदा फोडली आणि त्याच्यावर गाणी झाली. पण बँक फोडणे याचा अर्थ कॅसिनोचे दिवाळे निघणे असा नव्हे. एका टेबलापाशी त्या दिवसासाठी ठेवलेली रोकड संपली की त्यावर काळे कापड पसरीत, आतून नवी रोकड आणीत, आणि खेळ पुन्हा सुरू होई. त्या काळ्या कापडाचा गाजावाजा ही कॅसिनोची सर्वोत्तम जाहिरात होती. वेल्सला पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यांत तुरुंगवास घडला. माँटे कार्लोचा व्यवहार मात्र अखंड चालू राहिला.

नवखा पाहुणा दोन भ्रमांना हमखास बळी पडतो, आणि दोहोंचीही उदाहरणे इतिहासात नमूद आहेत. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लो येथे एका चक्रावर सलग सव्वीस वेळा काळा रंग आला. पंधरासोळा वेळा काळा आल्यावर, आता तांबडा आलाच पाहिजे, अशा समजुतीने लोकांनी तांबड्यावर पैशांचा पाऊस पाडला आणि लक्षावधी फ्रँक गमावले. चक्राला स्मरणशक्ती नसते. मागील डावाचे ऋण पुढील डाव फेडत नाही. टेबलाशेजारी गेल्या डावांचे आकडे दाखविणारा फलक असतो. परंतु पुढच्या डावाविषयी तो काहीही सांगत नाही.

दुसरा भ्रम दुप्पट करण्याचा. हरलो की पैज दुप्पट करावी. कधी तरी जिंकूच, आणि मागील सारे भरून निघेल, ही युक्ती अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. व्हेनिसच्या कासानोव्हाने ती अवलंबिली आणि पदरचे सारे गमावले, हे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहिले आहे. गणित असे. शंभरापासून आरंभ केला आणि टेबलाची कमाल मर्यादा दहा हजार असली, तर सात पैजांनंतर आठवी पैज १२,८०० ची होते आणि ती लावताच येत नाही. सलग सात वेळा हरण्याचा प्रसंग एका शून्याच्या चक्रावर सरासरी १०६ प्रयत्नांतून एकदा येतो. म्हणजे १०५ वेळा शंभर शंभर जिंकून १०,५०० रुपये मिळवावेत आणि एका वेळी १२,७०० घालवावेत, असा हा सौदा आहे. पुष्कळ दिवस हसविणारी आणि एके दिवशी सर्व काढून घेणारी ही रीत म्हणूनच अधिक धोक्याची. प्रथमच येणाऱ्याला ती बहुधा त्याच्या पहिल्या संध्याकाळी हसविते.

इतर खेळांतही रचना हीच, वेष तेवढे निराळे. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते वाटणारा सर्वांच्या शेवटी खेळतो. तोवर एकवीसच्या पुढे गेलेला पाहुणा आपली पैज गमावून बसलेला असतो, मग वाटणारा स्वतः पुढे गेला तरी ती परत मिळत नाही. या खेळात निघून गेलेल्या पत्त्यांची मोजणी ठेवून घराचे पारडे हलके करता येते, हे एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने १९६२ च्या आपल्या पुस्तकात दाखविले. नळाने झाडाखाली जे शिकले त्याचीच ही आधुनिक आवृत्ती. परंतु कॅसिनोंनी तत्काळ पत्त्यांचे जोड वाढविले, पिसणे वाढविले, आणि मोजणाऱ्यांना दार दाखविले. हे येथे स्पष्ट होते की, घराला नशीबवान पाहुण्याची भीती नाही, मोजणाऱ्याची आहे. बॅकरामध्ये बँकेच्या बाजूला लावल्यास नाल शेकडा एकाच्या थोडी वर असते. ‘बरोबरी’वर लावल्यास ती शेकडा चौदांच्या वर जाते. सर्वांत मोठे आमिष दाखविणारी जागाच सर्वांत महाग असते. यांत्रिक खेळांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सान फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे या कारागिराच्या यंत्रांनी झाला. चक्रावरचे शून्य निदान डोळ्यांना दिसते. यंत्राची नाल त्याच्या पोटात असते.

टक्क्यांच्या या हिशेबात माणसाचे काय होते, हे जाणावयाचे असेल तर रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीचे चरित्र पाहावे. १८६३ मध्ये वीसबाडेन येथे तो प्रथम जिंकला. हेच त्याचे दुर्दैव ठरले. १८६५ मध्ये त्याच गावी काही दिवसांत त्याच्याजवळचे सर्व गेले. १८६६ मध्ये ऋणकोच्या घाईने त्याने ‘जुगारी’ ही कादंबरी सव्वीस दिवसांत एका लघुलेखिकेला सांगून लिहविली. तीच अ‍ॅना पुढे त्याची पत्नी झाली, आणि लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाडेन-बाडेन येथे तिचे दागिने गहाण पडले. मनुष्याच्या मनाचे इतके खोल ज्ञान असलेला लेखक. जुगाऱ्याची नस त्याने कागदावर अचूक धरली, आणि तरीही तो पुन्हा टेबलापाशी गेला. १८७१ मध्ये त्याने खेळ कायमचा सोडला. बुद्धी हे या नादावरचे कवच नव्हे, हा त्याच्या जीवनाचा दाखला आहे. ज्याला उठता येत नाही त्याला हिशेब समजून काय उपयोग?

आपल्या देशात १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा कायदा यांनी जुगारअड्ड्यांना मनाई केली. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंच्या नियंत्रणाचा व कराचा कायदा संमत केला. परंतु तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा मार्ग निराळा ठरला. तेथील १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली, आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना. पणजीच्या काठाशी मांडवीत नांगरलेली दिव्यांनी झगमगणारी जहाजे ही त्या दुरुस्तीची फळे. बेळगाव, कोल्हापूर, हैदराबाद येथून सुटीसाठी आलेली मंडळी कुतूहलाने होडीत बसून त्यांवर जातात. आणि येथेही मोनाकोची आठवण व्हावी असा नियम आहे : २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना खेळाच्या दालनांत प्रवेश बंद करण्यात आला.

ज्याला कुतूहलाने एकदा हे घर पाहावयाचेच आहे त्याला इतिहासाचा सल्ला थोडक्यात असा. जी रक्कम नाटकाच्या तिकिटाप्रमाणे गेलीच असे धरून चालता येईल तेवढीच रोख घेऊन जावे. बँकेचे कार्ड मुक्कामाच्या जागी ठेवावे. कर्जाच्या, फीच्या, औषधाच्या किंवा दुसऱ्याच्या पैशाने खेळू नये. रोकड देऊन ज्या रंगीत चकत्या मिळतात त्यांना मनात सदैव रुपयांतच मोजावे. पैशाचा चेहरा पुसून टाकणे हेच त्यांचे काम आहे. बसण्यापूर्वी चक्रावर शून्ये किती आणि टेबलाची किमान व कमाल पैज किती, हे वाचावे. लहान पैज लावावी, डाव सोडीत खेळावे, आणि उठण्याची वेळ आत शिरण्यापूर्वीच सोबत्याला सांगून ठेवावी. कारण तेथे खिडकी व घड्याळ बहुधा दिसत नाही. फुकट मिळणाऱ्या मद्याची किंमत सावधपणाने मोजली जाते, हे विसरू नये. हरलेले परत मिळविण्यासाठी एकही जादा डाव खेळू नये. जिंकल्यास सरकारचा वाटाही ध्यानात असावा : जुगारातील जिंकलेल्या रकमेवर आयकर शेकडा ३० आहे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

ज्याला हे नियम जाचक वाटतील, किंवा आपल्याला ते पाळता येणार नाहीत अशी शंका येईल, त्याने काठावरूनच दिवे पाहावेत. तेथून ते अधिक सुंदर दिसतात. आणि जो जाईल त्याने एक साधी व्यवस्था जरूर करावी. परतीच्या गाडीचे भाडे दुसऱ्या खिशात ठेवावे, आणि तो खिसा सोबत आलेल्या माणसाचा असावा.